पित्त साठतं पावसाळ्यात, उसळतं शरदात

पित्त उन्हाळ्यात वाढायला हवं, मग ऑक्टोबरातच जळजळ का, म्हणजे आयुर्वेदातला वात-पित्त-कफ या दोषांचा हिशेबच चुकीचा, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. आयुर्वेद आधी संचय (दोष साठणं) आणि मग प्रकोप (तो उसळणं) असे टप्पे मानतो. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पित्ताचा संचय वर्षा ऋतूत, प्रकोप शरदात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, आणि शमन (शांत होणं) हेमंतात सांगितलं आहे. पावसाळ्यात अग्नी, म्हणजे पचनशक्ती, मंद, पाणी आणि अन्न पचताना आंबट होणारं. पित्त साठत जातं, पण बाहेरच्या गारव्याने दबून राहतं. पाऊस सरून ऊन तापलं की उसळतं. वातही असाच, उन्हाळ्यात साठतो आणि पावसाळ्यात सांधे धरतो.

माझ्या आईला दरवर्षी नवरात्राच्या सुमारास आंबट ढेकर, डोकेदुखी, उलट्या व्हायच्या. आमच्या वैद्यांनी नवरात्रातलं काही विचारलंच नाही, श्रावण-भाद्रपदात काय खाता ते विचारलं! भजी, लोणचं, आंबट दही, सगळं तेव्हाच जास्त व्हायचं. तेवढं कमी केलं, मुगाचं वरण आणि तूप वाढवलं. गेली दोन वर्षं उलट्या नाहीत, डोकं अजून कधीतरी दुखतं. तुम्ही पावसाळ्यात काय खाता, ते इथे लिहाल का?