बनावट चांद्रमोहीम: चित्रफितीवर स्वतः मोजून काय तपासता येतं?

मृगशीर्ष:
'कॅप्रिकॉर्न वन' या सिनेमात मंगळमोहीम स्टुडिओत उरकतात. पडद्यावर ते इतकं सहज जमतं की बघणारा लगेच म्हणतो, "चंद्राचंही असंच केलं असेल." त्यावर "इतके हजार लोक गुपित कसं ठेवतील?" हे उत्तर चूक नाही, पण त्यातून समोरच्याच्या हाती काही लागत नाही. घरच्या संगणकावर, सगळ्यांना मिळणाऱ्या चित्रफिती घेऊन, कुणालाही करता येतील अशा चाचण्या हव्या आहेत.

नेमकं विचारायचं तर: चित्रण मंद गतीने दाखवून चंद्राचं गुरुत्व वठवता येतं का? येत नसेल तर ते कुठे उघडं पडतं? आणि कोणते मुद्दे टाळावेत?

चौकटमोजणी:
आधी मान्य करू: नुसती उडी मंद गतीने वठवता येते. पृथ्वीवर गुरुत्वत्वरण ९.८१, चंद्रावर १.६२ (मीटर प्रति सेकंद वर्ग). भागाकार साधारण ६, त्याचं वर्गमूळ २.४६, तेवढ्या पटीने चित्रण मंद करायचं. म्हणजे सेकंदाला ५९ चौकटी (फ्रेम) घेऊन चित्रण करायचं आणि २४ च्या वेगाने दाखवायचं. मंगळासाठी हाच आकडा १.६३ येतो. त्यामुळे "हे स्लो मोशन वाटत नाही" असं नुसतं म्हणण्यात अर्थ नाही, मोजायलाच हवं.

मोजायला सगळ्यात चांगली म्हणजे नासाच्या अपोलो १६ या चांद्रमोहिमेत (एप्रिल १९७२) अंतराळवीर जॉन यंगने सलाम ठोकत मारलेली उडी. बूट जमीन सोडतो ती चौकट आणि पुन्हा टेकतो ती चौकट शोधा. मधला वेळ सुमारे १.४५ सेकंद, उंची सुमारे ०.४२ मीटर. सूत्र साधं आहे: उंचीला ८ ने गुणा आणि वेळेच्या वर्गाने भागा. ३.३६ भागिले २.१०, उत्तर १.६, म्हणजे चंद्राचंच गुरुत्व. पृथ्वीवर तेवढीच उडी ०.५९ सेकंदात संपते.

चुका बहुतेक तीन ठिकाणी होतात. इंटरनेटवरच्या पुष्कळ प्रतींचा चौकटवेग बदललेला असतो. मूळ प्रक्षेपण सेकंदाला ३० चौकटींचं, आणि प्रत २५ किंवा २४ ची. मग कुठे एकच चौकट दोनदा येते, कुठे एखादी गाळलेली असते. म्हणून चौकटी मोजून थांबू नका, सोबतचा आवाज मूळ ध्वनिमुद्रणाशी जुळतो का ते पाहून वेळ पक्की करा. दुसरं, तो कॅमेरा लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागून एक टिपायचा, त्यामुळे हलत्या कडांना रंगीत झालर दिसते. एकच खूण धरा, बुटाचा तळ, आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. तिसरं, वेळ वर्गात जाते: वेळेत ५ टक्के चूक झाली की उत्तरात १० टक्के फरक पडतो.

अपोलो ११ ची चित्रफीत या कामाला घेऊ नका. तिचा कॅमेरा सेकंदाला १० चौकटींचा होता, आणि प्रक्षेपणासाठी पडद्यासमोर दुसरा कॅमेरा धरून रूपांतर केलं होतं. मोजायला अपोलो १५, १६, १७ घ्या.

रेगोलिथ:
उडीपेक्षा धूळ बघा, खरं उत्तर तिथे आहे. मंद गतीने काळ ताणला जातो, वाटेचा आकार बदलत नाही. हवेत उडालेला बारीक कण लगेच वेग गमावतो: वर चढताना वाट लांबट, उतरताना आखूड आणि खडी, आणि मागे लोट तरंगत राहतो. हे चित्रण कितीही मंद करा, लोट लोटच राहणार.

अपोलो १६ मध्ये रोव्हर (चंद्रावर चालवायची गाडी) मुद्दाम जोरात पळवून १६ मिमी फिल्मवर टिपला आहे. त्यातला रोव्हर आडवा जातानाचा तुकडा निवडा. लागोपाठच्या १०-१२ चौकटी काढा आणि मागचे दगड एकमेकांवर बसतील अशा जुळवून घ्या, कारण कॅमेरा हातात होता, तो फिरतो. मग प्रतिमा संपादकात 'लाइटन' पद्धतीने (प्रत्येक जागी सर्वांत उजळ ठिपका ठेवणारी) एकावर एक रचा. चाकामागे धुळीची कमान उमटते. चढती बाजू आणि उतरती बाजू सारख्याच उताराच्या येतात, आणि कमान संपते तिथे धूळही संपते. जमिनीलगत धुकं राहत नाही.

यावर ठरलेला आक्षेप: "धुतलेली जाड वाळू वापरली असेल, ती लोट करत नाही." खरं आहे, नाही करत. पण मग बुटाचा ठसा बघा. तळव्याच्या आडव्या पट्ट्या सरळ कडांसह उभ्या आहेत. चंद्राची माती बारीक आणि टोकदार कणांची आहे, घासून गोल करायला तिथे वारा-पाणी नाही, म्हणून कण एकमेकांत अडकतात. धुतलेल्या कोरड्या वाळूत असा ठसा ढासळतो. वाळू ओली केली तर ठसा टिकेल, पण मग ती चाकामागून ढेकळांनीच उडेल. दोन्ही एकाच मातीत हवं असेल तर हवाच काढून घ्यावी लागते. जगातली सर्वांत मोठी निर्वात खोली ओहायोत आहे, १९६९ मध्ये पुरी झालेली, व्यास सुमारे ३० मीटर. अपोलो १७ चा रोव्हर मात्र एकूण जवळपास ३६ किलोमीटर चालला, ते अशा खोलीत मावणार नाही.

ध्वनिरेषा:
आवाजाची एक चाचणी सुचवतो. ह्यूस्टनचा (म्हणजे पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षाचा) आवाज अंतराळवीराच्या कानातल्या स्पीकरमधून त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरायचा आणि परत पृथ्वीवर यायचा. मूळ ध्वनिमुद्रणात बऱ्याच ठिकाणी हा प्रतिध्वनी ऐकू येतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रणालीत तो तुकडा उघडा आणि मूळ शब्दाची सुरुवात ते प्रतिध्वनीची सुरुवात एवढं अंतर मोजा: अडीच सेकंदांच्या थोडं पुढे-मागे. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमीवर, जाऊन-येऊन प्रकाशाला २.५६ सेकंद लागतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुद्रण पृथ्वीवर झालंय, म्हणून ह्यूस्टनच्या प्रश्नानंतर चंद्रावरून उत्तर यायला किमान अडीच सेकंद लागतात, पण अंतराळवीराचं बोलणं संपताच ह्यूस्टन लगेच बोलू शकतं. ही एकतर्फी दिरंगाई न कळल्याने बरेच जण "उत्तर झटकन आलं, म्हणजे बनावट" म्हणतात. माहितीपटांतला आवाज मुळीच वापरू नका, संकलनात हे थांबे कापलेले असतात.

मृगशीर्ष:
धुळीची आणि प्रतिध्वनीची चाचणी दोन्ही करण्यासारख्या आहेत. राहिलं आकाश: तारे का नाहीत?

चौकटमोजणी:
उन्हातल्या जमिनीसाठी कॅमेरा १/२५० सेकंद आणि एफ ८ ते एफ ११ ला (भिंगाचं छिद्र बरंच लहान) लावलेला. आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १६० ठेवून त्याच मापाने रात्रीच्या आकाशाचा फोटो काढून बघा, चौकट काळीच येते. मजा म्हणजे ताऱ्यांचे फोटो घेतलेले आहेत: अपोलो १६ ने चांद्रयानाच्या सावलीत वेगळा अतिनील कॅमेरा ठेवला होता, बराच वेळ प्रकाश आत घेणारा. हे फार कमी लोकांना माहीत असतं.

रेगोलिथ:
टाळायचे मुद्दे राहिलेच. चंद्रावर ठेवलेल्या लेसर परावर्तकांवरून (पृथ्वीवरून सोडलेला लेसर परत पाठवणारे आरसे) "माणूस उतरला" हे सिद्ध होत नाही. लुनोखोद या सोव्हिएत चांद्रगाड्यांवरही परावर्तक आहेत, आणि ते माणसाविना पोहोचले. "हवा नाही म्हणून झेंडा हलत नाही" हेही म्हणू नका. काठी फिरवताना तो हलतो, आणि अडवायला हवा नसल्याने जास्त वेळ हलतो. वरच्या आडव्या दांड्यामुळे ताठ दिसतो इतकंच. अपोलो ११ च्या मूळ टेलिमेट्री फिती (चंद्रावरून आलेले संकेत नोंदवलेल्या) पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे कुणी म्हटलं तर सरळ हो म्हणा, ते खरं आहे.

यानाखाली खड्डा का नाही, हा प्रश्न मात्र आनंदाने घ्या. उतरताना यान सुमारे ७.३ टन, म्हणजे तिथलं वजन जेमतेम १२ हजार न्यूटन, आणि तरंगत ठेवायला इंजिनाचा रेटाही तेवढाच. इंजिनाच्या नळीचं तोंड दीड मीटर व्यासाचं, क्षेत्रफळ पावणेदोन चौरस मीटर. दाब येतो ७ हजार पास्कलच्या आत. पृथ्वीवर दोन पायांवर उभा असलेला माणूस जमिनीवर याहून जास्त दाब देतो. वरची सैल धूळ उडून जाते, खालचा घट्ट थर तसाच राहतो. अपोलो ११ च्या फोटोंत नळीखाली धूळ उडाल्याचे, बाहेरच्या दिशेने गेलेले ओरखडे दिसतात.