दूध-मटण सोडलं, मग ताटात काय? नागपूरच्या स्वयंपाकघरातले अनुभव

आमंत्रण

कोलेस्टेरॉल, वजन, साखर, रक्तदाब अशा कारणांनी मांस, अंडी, दूध-तूप कमी करायचं किंवा पूर्ण सोडायचं, असं अनेकांच्या मनात असतं. सोडायला अवघड जात नाही. सोडल्यावर त्या जागी काय आणि किती घालायचं, याचा हिशोब मात्र बहुतेक घरांत होत नाही आणि मग चार-सहा महिन्यांत थकवा, केस गळणं, पोट फुगणं सुरू होतं. म्हणून ज्यांचा रोजचा संबंध आहार, औषधं, धान्य आणि चुलीशी आहे, त्यांना लिहायला बोलावलं आहे. आपली गोष्ट नको, कृती हवी. वस्तू, माप, आणि कुठे बिघडतं ते लिहा.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ

सगळ्यात आधी प्रथिनं. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. आपल्याकडे "रोज वरण असतं की" हे उत्तर ठरलेलं. पण पातळ वरणाच्या एका वाटीत कच्ची डाळ असते २० ते २५ ग्रॅम, आणि तिच्यातून मिळतात जेमतेम ५ ग्रॅम. मटण सोडून तेच वरण आणि दुप्पट भात, हा बदल तब्येतीचा नाही.

५० ग्रॅम असे जमतात: दिवसभरात ज्वारी-गव्हाचं पीठ २०० ग्रॅम (२० ग्रॅम प्रथिनं), तूरडाळ किंवा मूग कच्चे ४० ग्रॅम (साधारण ९), कोरडी सोया वडी २५ ग्रॅम (१३), फल्लीदाणे (शेंगदाणे) ३० ग्रॅम (७). उरलेलं भाज्यांतून निघतं. महिनाभर तरी स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा. वाटीचा अंदाज प्रत्येक घरात वेगळा असतो. धान्यात लायसिन कमी आणि डाळींत मिथिओनिन कमी (दोन्ही प्रथिनांचे घटक), म्हणून भाकरी-चून, वडा-भात, गोळा-भात या जोड्या पक्क्या आहेत. दोन्ही एकाच घासात हवं असं काही नाही, दिवसभरात आलं तरी पुरतं.

थंडीत ओल्या तुरीचे सोले आणि पोपटीचे (वालाचे) दाणे मिळतात तेव्हा डाळीच्या जागी ते भरपूर खा. पण ओल्या दाण्यात पाणी जास्त, त्यामुळे ४० ग्रॅम डाळीच्या ठिकाणी शंभर ग्रॅमच्या वर दाणे घ्यावे लागतात.

फार्मासिस्ट, मेडिकल चौक परिसर

बी-१२. यात तडजोड नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत ते प्राण्यांच्या अन्नातून पोचतं. इडली, आंबील, मोड, स्पिरुलिना (शेवाळाची भुकटी) यांतलं काहीही भरवशाचं नाही. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश शरीराला न चालणारं रूप आहे, वर तपासणीचा आकडा फसवा दाखवण्याची शक्यता असते.

दूधही सोडत असाल तर पहिल्या दिवसापासून गोळी. रोज ५० ते १०० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून दोनदा १००० मायक्रोग्रॅम, हा सर्वसाधारण प्रघात आहे. मोठ्या डोसमधलं थोडंच शोषलं जातं, म्हणून आकड्यांत एवढा फरक दिसतो. सुरुवातीलाच रक्तातली पातळी तपासा, आणि गोळी किंवा इंजेक्शन घेण्याच्या आधी तपासा. नंतरचा आकडा वर दिसतो आणि मूळ साठा किती होता ते कळत नाही. २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर वरचा डोस पुरत नाही, डॉक्टर वेगळा क्रम देतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर मांसाहार करणाऱ्यांचंही बी-१२ खाली येतं. त्यांनी तर तपासणी लांबवूच नये.

आणखी एक. पालेभाज्या-डाळींतून फॉलिक ॲसिड भरपूर मिळतं, त्यामुळे रक्त ठीक दिसू शकतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालू राहतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, जीभ लाल होणं याची वाट बघू नका. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांचा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

धान्य-किराणा, इतवारी

जवस आपल्या विदर्भाचंच, आणि ओमेगा-३ साठी दुसरीकडे बघायची गरज नाही. पण अख्खं जवस खाल्लं तर बरंचसं जसंच्या तसं बाहेर पडतं. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार करा, मग कुटा. १०० ग्रॅम जवस, ८ ते १० सुक्या मिरच्या, १ चमचा जिरं, मीठ, हवा तर लसूण. रोज १० ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा, पुरे. कुटलेलं जवस हवा आणि उष्णतेने खवट होतं, म्हणून एका वेळी आठ-दहा दिवसांपुरतंच कुटा आणि उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा. ऑइलपेंटसारखा वास आला की टाकून द्या. जवसाचं तेल तळणाला वापरून राहिले काही लोक, ते नका करू. तापवल्यावर त्यातला कामाचा भाग बिघडतो. वरून घ्या.

तीळ घेताना बिनपॉलिशचे घ्या. कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालात असतं, पांढरेशुभ्र धुतलेले तीळ चवीला छान पण त्यात ते बरंच कमी. फल्लीदाणे निवडूनच वापरायचे. सुरकुतलेले, काळपट, बुरशीचे दाणे फेका. त्या बुरशीचं विष भाजून किंवा उकळून जात नाही.

लाखोळी डाळीबद्दल नीट सांगतो. भंडारा-गोंदियाकडे ती घरोघरी खातात, वडे अप्रतिम होतात. पण तिच्यात नसांना घातक असं एक द्रव्य असतं, आणि महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात. कधीमधी वडे खाणं वेगळं, प्रथिनांचा रोजचा आधार करणं वेगळं. गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं तर विष कमी होतं, संपत नाही. आहार बदलल्यावर घरात बेसन तिप्पट लागतं, म्हणून सुटं बेसन घेण्यापेक्षा हरभरा डाळ घ्या आणि चक्कीवर समोर दळून घ्या. भेसळीची शंका राहत नाही.

स्वयंपाक-वर्ग घेणारी, महाल

पोट फुगतं म्हणून सगळं सोडून देणारे खूप. कडधान्य एकदम वाढवलं की हेच होणार. पहिल्या आठवड्यात मूग आणि मसूर, दुसऱ्यात बरबटी (चवळी) आणि मोठ (मटकी), त्यानंतर हरभरा, राजमा शेवटी. भिजवल्याचं पाणी टाकून द्या, नव्या पाण्यात शिजवा. मे महिन्यात ओट्यावर रात्रभर भिजवलेले चणे सकाळी आंबलेले असतात; ५-६ तास आणि मध्ये एकदा पाणी बदलणं, नाहीतर सरळ फ्रिज. उन्हाळ्यातले मोड कच्चे खाऊ नयेत, पाच-सात मिनिटं वाफवा. राजमा कुकरमध्येच करा. मंद आचेच्या भांड्यात तो मऊ झाला तरी त्यातलं विषारी द्रव्य शिल्लक राहू शकतं, त्याला खदखदून उकळी लागते.

सावजी सोडायचं का? नाही हो बाप्पा, मसाला तर झाडाचाच आहे. सोया वडी ५० ग्रॅम (दोघांना) मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं, मग गार पाण्यात टाकून दोनदा घट्ट पिळायची. न पिळता रस्श्यात घातली तर कच्चा वास येतो आणि मसाला आत शिरत नाही. पाटोडीसाठी १ वाटी बेसन, दीड वाटी पाणी, आलं-लसूण, हिरवी मिरची, ओवा, हळद, मीठ, भरपूर सांभार (कोथिंबीर). फोडणीत घालून गोळा कढई सोडेपर्यंत घोटा, वाफ द्या, तेल लावलेल्या ताटात थापा, पूर्ण गार झाल्यावरच कापा. गरम कापली की रस्श्यात विरघळते.

तब्येतीसाठी करायचं तर तर्री आवरा. चौघांच्या रस्श्याला ३ मोठे चमचे तेल पुरतं. गॅस बंद करून तेलात तिखट घातलं की कमी तेलातही रंग येतो. सुकं खोबरं निम्मं करून त्या जागी भाजलेले तीळ, आणि दाटपणाला भाजलेलं ज्वारीचं पीठ २ चमचे.

विरजणाच्या शोधात असलेल्यांसाठी, बजाजनगर

फल्लीदाण्याचं दही. १ वाटी दाणे ६ तास भिजवा, सालं चोळून पूर्ण काढा (सालं राहिली की करडा रंग आणि तुरट चव), ३ वाट्या पाण्यात बारीक वाटा, मलमलीतून गाळा. मंद आचेवर सतत ढवळत ८-१० मिनिटं उकळा. तळाला फार लवकर लागतं. बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झालं की धुतलेल्या हिरव्या मिरच्यांची ६-७ देठं त्यात बुडवून झाकण ठेवा. उन्हाळ्यात ५-६ तास, डिसेंबरच्या थंडीत पूर्ण रात्र आणि वर जाड कापड. पहिलं दही पातळ आणि थोडं कडवट लागतं, ते खायला नाही, विरजणाला. त्यातलं चमचाभर लावून दुसऱ्यांदा लावलेलं घट्ट लागतं. कढी करताना मोठा चमचाभर बेसन जास्त घाला आणि उकळी फुटू देऊ नका, फाटते.

चोथा थालीपिठात.

प्रश्न, प्रतापनगर

दूध सोडल्यावर कॅल्शियमला पालक चालेल ना? आमच्याकडे डाळभाजी रोज होते.

आहारतज्ज्ञ, धरमपेठ

ताई, डाळभाजी खाच, पण कॅल्शियमसाठी मोजू नका. पालकातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं, शोषण फारच कमी होतं. त्यापेक्षा मेथी आणि मुंगण्याची (शेवग्याची) पानं. अर्धा लिटर दुधातून साधारण ६०० मिलिग्रॅम मिळायचं. त्या जागी नाचणीचं पीठ ५० ग्रॅम (सुमारे १८०), बिनपॉलिश तीळ २५ ग्रॅम (सुमारे ३००) आणि मेथीची भाजी, एवढं रोज हवं. बाजारचं कॅल्शियम घातलेलं सोया दूध घेत असाल तर खोका जोरात हलवून ओता, कॅल्शियम तळाशी बसतं. फल्लीच्या दह्यात दुधाइतकं कॅल्शियम नसतं, ते चवीसाठी.

लोहाचंही इथेच सांगते. तर्री पोह्यांतल्या चण्यात लोह आहे, पण सोबत चहा घेतला की ते अडकतं. चहा तासभर पुढे ढकला आणि पोह्यांवर लिंबू पिळा. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबरपासून असतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. जेवणाबरोबर एक आख्खं संत्रं खा, रस नको. मधल्या काळात आवळा, पेरू, लिंबू. आणि तब्येतीच्या नावाखाली मीठ बदलून सैंधव सुरू करू नका. मासे, अंडी, दूध गेल्यावर आयोडीनचा मुख्य आधार आयोडीनयुक्त मीठच उरतो.

डॉक्टर, रामदासपेठ

औषधं चालू असणाऱ्यांसाठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल आणि भात-पोळी कमी करून भाज्या-डाळी वाढवल्या, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. पहिले दोन-तीन आठवडे घरी जास्त वेळा तपासा, डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्या. उलट चूकही तितकीच होते: मटणाच्या जागी साबुदाणा, बटाटा, मैद्याची बिस्किटं आली की तीन महिन्यांच्या सरासरीत साखर वाढलेली दिसते. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, रोज सारख्या प्रमाणात ठेवावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम बघूनच आहार ठरतो. नारळपाणी, संत्र्याचा रस, "कमी सोडियमचं" मीठ हे सगळं तिथे धोक्याचं ठरू शकतं.

केटरिंग, मानेवाडा

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे मांस-अंडं नाही एवढंच, दूध असू शकतं. दूधही नको असेल तर २०२२ च्या नियमांनुसार आलेलं वेगळं वीगन चिन्ह बघा, हिरव्या रंगात इंग्रजी व्ही आणि त्यावर रोपटं. लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा बहुधा तेलातले असतात. वरणाच्या फोडणीला तूप आहे का ते आचाऱ्यालाच विचारा, वाढप्याला माहीत नसतं. नानमध्ये दही किंवा दूध, हॉटेलच्या पांढऱ्या ग्रेव्हीत मलई, संत्रा बर्फीत खवा. पुरणपोळी घरची असेल तर वरून तूप घालू नका असं सांगून ठेवा, पण पोळी भाजतानाच तूप लागलंय का हे तव्यापाशी जाऊन आधी बघा.