मदत हवी आहे: विद्यापीठात कोण कोणाच्या हाताखाली?

ऑक्सफर्डमध्ये पदवीचे विद्यार्थी निवडणं आणि ट्युटोरियल (मोजक्या विद्यार्थ्यांची शिकवणी) घेणं कॉलेजकडे. परीक्षा आणि पदवी मात्र विद्यापीठाची. आपल्याकडची संलग्न कॉलेजांची पद्धत १८५७ पासूनची, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरची. इथवर कळलं.

घोडं अडतं ते कार्यालयांपाशी. कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, वित्त अधिकारी हे सगळे शेवटी कुलगुरूंना उत्तरदायी. मग अधिष्ठात्यांचं (म्हणजे विद्याशाखेच्या प्रमुखांचं, डीनचं) या अधिकाऱ्यांपुढे कितपत चालतं? विभागातली रिकामी जागा भरायची तर फाइल आधी अधिष्ठात्यांकडे जाते की थेट कुलसचिवांकडे? रचनेचे तक्ते पुष्कळ पाहिले, सगळीकडे नुसते चौकोन आणि बाण. कागद प्रत्यक्षात कसा फिरतो ते एकातही नाही!

प्रशासनात काम केलेल्या कुणी जरा उलगडून सांगाल का? स्वायत्त कॉलेजांत परीक्षेचं काम कॉलेजच बघतं, तेव्हा तिथे विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे नेमकं काय उरतं, तेही सांगा.