भरपाईचा दावा: मुकादम साक्षीला येत नाही, काय करावे?

प्रश्न: भावाची उजव्या हाताची तीन बोटे प्रेस मशीनमध्ये तुटली. तेव्हा लागू असलेल्या कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ खाली २०२३ मध्ये दावा केला. मालक म्हणतो, हा आमचा कामगारच नव्हता. मुकादमाला सगळे माहीत आहे, पण तो टाळतोय. दावा ऐकणारे आयुक्त त्याला बोलावू शकतात का?

उत्तर १: हो. शपथेवर पुरावा घेणे, साक्षीदाराला हजर करणे, कागदपत्रे मागवणे यासाठी कलम २३ नुसार आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. वादाचे मुद्दे ठरल्यावर साक्षीदारांची यादी लवकर द्या, उशीर झाल्यास अर्जात कारण लिहा. समन्सच्या अर्जात मुकादमाचा पूर्ण पत्ता घाला आणि त्याचा प्रवासखर्च व भत्ता भरा. पैसे न भरल्याने समन्सच निघत नाही, इथेच बरेच दावे अडकतात.

हजेरीपुस्तकासाठी मालकाकडे वेगळी मागणी करा. ‘सर्व रेकॉर्ड’ असे मोघम नको. महिना, वर्ष, पगारपत्रक, अपघात नोंदवही असे नेमके लिहा.

प्रश्नकर्ता: समन्स मिळूनही आला नाही तर?

उत्तर १: आधी बजावणीचा (समन्स त्याच्या हाती दिल्याचा) अहवाल फाइलवर आहे का ते पाहा. तो असेल तर वॉरंटचा अर्ज करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२ खाली मालमत्ता जप्ती आणि ५,००० रुपयांपर्यंत दंडही होऊ शकतो.

उत्तर २: डॉक्टरांची साक्ष भरपाई कायद्याच्या कलम २५ प्रमाणे शक्यतो शब्दशः नोंदवली जाते, इतरांचा फक्त सारांश. म्हणून मुकादमाची उलटतपासणी झाल्यावर टिपण वाचून घ्या. बाकी, एका हाताची तीन बोटे गेल्यास त्याच कायद्याच्या परिशिष्ट १ मध्येच कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी ठरलेली आहे. तेवढ्या टक्केवारीसाठी डॉक्टरांची वाट पाहत तारखा घालवू नका.