सहा जणांच्या परिसंवादासाठी ध्वनिव्यवस्था कशी आखावी?

कार्यवाह_वाचनालय
नमस्कार. आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे येत्या जानेवारीत पाणीवाटपावर परिसंवाद होणार आहे. मंचावर पाच वक्ते व एक सूत्रसंचालक असतील, शिवाय एक तज्ज्ञ दूरदृश्य पद्धतीने सहभागी होतील. सभागृह सुमारे २० मीटर लांब व १२ मीटर रुंद असून फरशी गुळगुळीत, भिंती गिलाव्याच्या आणि छत पत्र्याचे आहे. खुर्च्या २०० मांडतो. मागील परिसंवादात मागच्या रांगांतील श्रोत्यांना फारसे काही कळले नाही, कारण आवाज वाढवला की शिट्टी वाजे आणि कमी केला की वक्तेच ऐकू येईनात. यंदा ध्वनिव्यवस्थेचा ठेका घेणाऱ्यांनी आणखी दोन मोठे स्पीकर सुचवले आहेत. तो खर्च योग्य ठरेल का, आणि माईक कोणते मागवावेत?

ध्वनिपेटी
त्या दोन स्पीकरांनी आपला प्रश्न सुटणार नाही. स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरून फिरत राहिला की शिट्टी वाजते. म्हणून सभागृहात आवाज किती वाढवता येईल, हे स्पीकरच्या ताकदीपेक्षा माईक तोंडापासून किती दूर आहे आणि एका वेळी किती माईक उघडे आहेत यावर अधिक अवलंबून असते. उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की ही मर्यादा ३ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे एकक) खाली येते, म्हणजे सहाही माईक सतत उघडे ठेवल्यास एकाच माईकच्या तुलनेत जवळजवळ ८ डेसिबल आपण कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच घालवलेले असतात. अंतराचा हिशेब त्याहून कठोर आहे. अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने घटतो. त्यामुळे तोंडापासून ४० सेंटिमीटरवर असलेला माईक ५ सेंटिमीटरवर आणला तर सुमारे १८ डेसिबल पदरात पडतात, आणि त्यासाठी वेगळे भाडे द्यावे लागत नाही.

परिसंवादासाठी कॉलर माईक मला कधीच पटलेला नाही. तो बहुधा सर्व दिशांचा आवाज घेतो, तोंडापासून वीसएक सेंटिमीटर खाली असतो, आणि वक्ता शेजाऱ्याकडे मान वळवून बोलू लागला की त्याचा आवाज निसटतो. प्रत्येकासमोर वाकवता येणाऱ्या लवचिक दांड्याचा माईक, किंवा टेबलावरच्या छोट्या स्टँडवर साधा कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) माईक ठेवावा. हाती घेणाऱ्यांना एक सूचना आधीच द्यावी, की माईकची जाळी मुठीत झाकू नये. मागच्या बाजूने येणारा आवाज टाळण्याची त्याची क्षमता तेथील छिद्रांवर अवलंबून असते. ती बंद झाली की माईक चहूबाजूंचा आवाज घेतो आणि किंचाळतो.

नेपथ्यातून
वरील उत्तराशी सहमत आहे. परंतु आपण सभागृहाचे जे वर्णन केले आहे, त्यात आवाज पुरेसा मोठा असूनही शब्द कळणार नाहीत अशी स्थिती सहज उद्भवेल. मराठीतील क, ट, स, श यांसारखी व्यंजने क्षणभरच उमटतात आणि पत्रा, फरशी व भिंती यांवरून परतणाऱ्या आवाजाखाली ती बुडून जातात. त्यावर आवाज वाढवला तर घुमारासुद्धा तितकाच वाढतो. मंचाच्या मागे व सभागृहाच्या मागच्या भिंतीवर जाड, चुण्यांचे पडदे लावावेत आणि मधल्या वाटांवर सतरंज्या अंथराव्यात. यावरचा खर्च नव्या स्पीकरांपेक्षा अधिक सत्कारणी लागेल. (कार्यक्रम जानेवारीत आहे हे उत्तमच, कारण पावसाळ्यात त्या पत्र्याखाली कोणतीही योजना टिकली नसती.)

मुख्य स्पीकर वक्त्यांच्या पुढे, डोक्यांच्या वर आणि किंचित खाली झुकवून लावावेत, म्हणजे आवाज भिंतींवर न जाता श्रोत्यांवर पडेल. मागच्या रांगांसाठी १२ मीटर अंतरावर छोटे स्पीकर लावल्यास त्यांचा आवाज मिक्सरवरून (सर्व माईकांचे आवाज एकत्र करून स्पीकरकडे पाठवणाऱ्या यंत्रावरून) किंचित उशिरा सोडावा लागतो. ध्वनीला एक मीटर जाण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून १२ मीटरसाठी ३५ आणि त्यावर आणखी १० ते १५ मिलिसेकंद ठेवले की श्रोत्यांना आवाज मंचाकडूनच येत असल्याचे जाणवते. एवढे न करता मागे स्पीकर ठेवले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

कार्यवाह_वाचनालय
आपल्या उत्तरांबद्दल आभार. स्पीकरांचा प्रस्ताव आम्ही मागे ठेवत आहोत. दोन शंका उरतात: वादविवाद रंगला की सहा माईक हाताने उघडबंद करणे एका माणसाला साधते का, आणि दूरस्थ तज्ज्ञांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो त्यावर उपाय कोणता?

ध्वनिपेटी
साधते, पण त्या माणसाला चर्चा समजली पाहिजे. पुढे कोण बोलणार हे त्याने चेहऱ्यावरून ओळखायचे असते. सर्व माईक पूर्ण बंद करू नयेत, न बोलणाऱ्यांचे १० ते १५ डेसिबलने खाली ठेवावेत, म्हणजे कोणी मध्येच बोलला तरी पहिला शब्द कापला जात नाही. हेच काम स्वयंचलित मिश्रण करते. डॅन ड्यूगन या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने १९७० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत सर्व माईकांच्या आवाजाची एकूण वाढ एका उघड्या माईकइतकीच ठेवली जाते आणि जो बोलतो त्याच्या वाट्याला ती जाते. यामाहाच्या क्यूएल मालिकेतील मिक्सरमध्ये ही सोय अंगभूत आहे, बेहरिंगर एक्स३२ या मिक्सरमध्येही तशी सोय आहे. मात्र एक्स३२ वर ती पहिल्या आठ चॅनेलपुरतीच असल्याने बोलण्याचे माईक तिथेच जोडावेत.

दूरस्थ तज्ज्ञांसाठी मिक्सरच्या वेगळ्या ऑक्स आउटमधून (मुख्य स्पीकरांपासून स्वतंत्र असलेल्या जोडणीतून), त्यांचा स्वतःचा आवाज वगळून, बाकी सर्व माईक लॅपटॉपकडे पाठवावेत. मुख्य आउटपुट थेट लॅपटॉपला जोडले, तर प्रतिध्वनी टाळणे सॉफ्टवेअरच्या मर्जीवर राहते. लॅपटॉपची जोडणी डीआय बॉक्समधून (लॅपटॉप व मिक्सर यांच्यामध्ये लावायच्या छोट्या पेटीतून) घ्यावी, नाहीतर चार्जर लावताच घरघर सुरू होण्याचा संभव असतो.

नेपथ्यातून
श्रोत्यांच्या प्रश्नांचा विचार राहिला. फिरता कॉर्डलेस माईक स्वयंसेवकानेच धरावा आणि प्रश्नकर्त्याच्या हाती देऊ नये. त्यामुळे माईक तोंडाजवळ राहतो आणि प्रश्नाचे भाषण झाल्यास परतही आणता येतो. अंगणात कर्णे लावणार असाल तर त्यासाठी लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. आणि ठेक्याच्या पत्रात एक अट अवश्य लिहा: मिक्सर विंगेत किंवा मंचामागे न ठेवता श्रोत्यांमध्ये, मंचापासून सभागृहाच्या दोन तृतीयांश अंतरावर मांडावा, आणि चालवणाऱ्याने परिसंवाद संपेपर्यंत तेथून उठू नये.