सिटीज स्कायलाइन्स: दृश्यसज्जेचे मॉड तीन की एकच?

चौकट:
भर दुपारी छपरं पांढरीफटक, लांबच्या इमारती दुधात बुडवल्यासारख्या. सिटीज स्कायलाइन्स या शहर उभारायच्या संगणक-खेळाच्या पहिल्या भागात (२०१५) हे दिसलं की आधी मॉडची (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांची) यादी बघा. अल्टिमेट आयकँडी, डेलाइट क्लासिक आणि रीलाइट हे उजेड बदलणारे तिन्ही मॉड एकदम चालू असतील तर दोष ग्राफिक्स कार्डाचा नाही. सूर्याची प्रखरता एकच, तिला मालक तीन. माझं मत साफ आहे: एक ठेवा, दोन काढा.

पिंपळपान:
असहमत. तीन मॉड चालतात, फक्त हद्दी आखून द्याव्या लागतात. डेलाइट क्लासिककडे धुकं, रीलाइटकडे प्रकाशाचा रंग, आयकँडीकडे सूर्याची जागा. बाकीचे स्लायडर मूळ किमतीवर ठेवायचे. कोण कोणावर कुरघोडी करतंय हे ओळखणं सोपं आहे: खेळ पॉज करा, कॅमेरा हलवू नका, आयकँडीचा एक्स्पोजर (चित्राचा एकूण उजेड) टोकापर्यंत ओढा. चित्र ढिम्म हललं नाही, किंवा हलून पुन्हा जागेवर आलं, तर दुसरा मॉड तीच किंमत परत लिहितोय.

चौकट:
आणि एखादा मॉड अपडेट झाला की ही आखणी पुन्हा पहिल्यापासून? त्यापेक्षा खेळातल्या कंटेंट मॅनेजरमधून सगळे दृश्य-मॉड बंद करा, खेळ पूर्ण बंद करून उघडा (नुसतं मेनूत जाऊन भागत नाही, काही किमती तशाच चिकटून राहतात) आणि एकेक चालू करत जा.

गच्चीवरचा:
मुळात मॉड हवेतच कशाला? एक चांगला एलयूटी (चित्राचे रंग बदलणारा तक्ता) टाका. १०२४ बाय ३२ ची पीएनजी फाइल ॲडऑन्समधल्या कलर करेक्शन्स फोल्डरमध्ये ठेवली की ग्राफिक्सच्या पर्यायांत दिसते. फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं निघतात त्याला) धक्का नाही. फक्त ती जेपीजी करून पुन्हा पीएनजी केलेली नको. त्याने आकाशात पट्टे उमटू शकतात.

पिंपळपान:
एलयूटी फक्त तयार चित्राचे रंग बदलतो, प्रकाशाला हात लावत नाही. छप्पर एकदा पांढरं होऊन कौलांच्या रेषा गेल्या की कुठलाही एलयूटी त्या परत आणत नाही, फार तर पांढऱ्याचं राखाडी करतो. आधी प्रखरता उतरवा, मग रंग.

गच्चीवरचा:
हे मान्य. पण मग विजेच्या तारा आणि रेलिंगच्या करवतीसारख्या कडांवर लोक डायनॅमिक रिझोल्यूशन (चित्र मोठं काढून पडद्याएवढं लहान करणारा मॉड) २०० टक्क्यांवर का नेतात? दोन्ही बाजू दुप्पट, म्हणजे पिक्सेल चौपट. १९२० बाय १०८० च्या पडद्यासाठी कार्ड ३८४० बाय २१६० काढत बसतं. रेंडर इट या मॉडमधला टीएए (आधीच्या चित्रांशी मिसळून कडा गुळगुळीत करणारी पद्धत) कार्डाला त्याहून कितीतरी स्वस्त.

चौकट:
स्वस्त खरा, पण धावत्या गाड्यांमागे भुताटकी शेपूट दिसतं आणि कॅमेरा फिरवताना बारीक तारा पुसट होतात. स्क्रीनशॉट काढायचा असेल तर २०० टक्के, रोज खेळायला १२५ ते १५०. आणि कुठलाही स्लायडर धरण्याआधी खेळाचाच टिल्ट शिफ्ट (चित्राचा काही भाग धूसर करणारा) आणि फिल्म ग्रेन (दाणेदारपणा) शून्यावर आणा. अर्धा धूसरपणा तिथलाच असतो, शिव्या मात्र मॉडला बसतात.

पिंपळपान:
टिल्ट शिफ्टपुरतं एकमत. तीन मॉडवर नाही.