अकरावीतल्या मुलाला कार्ड द्यावं का, आणि कुठलं?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून चांगलंच वाजलं. एका बाईंनी विचारलं होतं, मुलगा अकरावीला आहे, कॉलेज झालं की क्लास नौपाड्यात, रात्री आठपर्यंत बाहेर, तर त्याला क्रेडिट कार्ड काढून देता येईल का? उत्तरं आली ती 'आमच्या वेळी वीस रुपये मिळायचे' छापाची. म्हणून इथे धागा काढतोय.

क्रेडिट कार्डाचं आधी मिटवू. अठरा पूर्ण नसतील तर विसरा. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अठराखालच्या, व्यक्तीला करार करता येत नाही आणि तिने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने, 1903 मध्ये मोहोरीबीबी खटल्यात सांगून टाकलं. ज्याच्याकडून वसुली होऊच शकत नाही त्याला बँक उधार कशाला देईल? आईवडिलांच्या कार्डावरचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे जोडकार्डही बहुतेक बँका अठरानंतरच देतात, आणि त्याचं बिल शेवटी मूळ कार्डधारकाच्याच डोक्यावर.

राहता राहिलं डेबिट कार्ड, आधी पैसे भरून ठेवायचं प्रीपेड कार्ड आणि यूपीआय सर्कल, म्हणजे आईवडिलांच्या खात्यातून मुलाने फोनवरून पैसे द्यायची सोय. माझं मत सरळ आहे : मुलाच्या स्वतःच्या खात्याचं डेबिट कार्ड. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं उघडून चालवायला देता येईल, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये सगळ्या बँकांना कळवलंय. कार्ड द्यायचं की नाही आणि मर्यादा किती, हे त्या त्या बँकेचं धोरण. स्टेट बँकेच्या 'पहली उडान'मध्ये कार्डाला 5,000 रुपयांची मर्यादा असते. मुख्य म्हणजे अज्ञानाचं खातं उणे जाऊ द्यायचं नाही असा नियमच आहे. खात्यात बाराशे असतील तर पोरगा बाराशेच उडवणार. पंधराव्या वर्षी बाराशे उडवून झालेले बरे, कारण अठरा झाले की हेच बँकवाले क्रेडिट कार्ड घेऊन मागे लागतात आणि तिथे थकबाकीवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज आहे.

गावदेवीची_माई
सगळं पटलं, पण ते कार्ड घेऊन पोरगा जाणार कुठे? तलावपाळीच्या भेळवाल्याकडे मशीन आहे? राममारुती रोडला पाणीपुरीवाला क्यूआर लावून बसलाय, रिक्षावाल्याकडे तोच. माझ्या नातवाचं कार्ड आलं ते पाकिटासकट कपाटात पडलंय. मी त्याला आठवड्याचे पैसे रोख देते. शंभराची नोट मोडली की कळतं मोडली. फोनवर नुसता टुंग आवाज येतो.

सीवूड्सचा_बाबा
माई, कार्डाबद्दल सहमत, रोखीबद्दल नाही. सुट्टे कोण देतं हल्ली? आम्ही यूपीआय सर्कल लावलंय. खातं माझं, पैसे मुलगी तिच्या फोनवरून देते. दोन प्रकार आहेत. एकात दर वेळी मला मंजुरी द्यावी लागते. दुसऱ्यात मी महिन्याची मर्यादा ठरवून देतो, ती जास्तीत जास्त 15,000, आणि एका व्यवहाराला 5,000. आम्ही दोन हजारांवर ठेवलीय. पहिला प्रकार चार दिवसांत बंद केला. मी मीटिंगमध्ये आणि कन्या मॉलमध्ये सँडविच हातात घेऊन मंजुरीची वाट बघतेय, मागे रांग. पण कुठे किती गेले ते मला दिसतं, हे महत्त्वाचं.

घोडबंदरकर
सीवूड्स, ते खातं तुमचंच ना? संपले तर बाबांचे संपले. महिना पंचवीस तारखेपर्यंत ताणायचा कसा हे तिला कधी कळणार?

वाशी_लोकल
मी एकोणीसची आहे. या धाग्यावर बहुधा एकटीच, जिच्याबद्दल तुम्ही सगळे बोलताय त्या वयाच्या जवळची. काकांनो, 'मला दिसतं' हेच तर दुखणं आहे. बारावीत असताना मी बाबांच्या खात्यावरून पैसे द्यायचे. मेडिकलमधून पॅड घेतले की त्यांच्या फोनवर मेसेज. रात्री जेवताना 'मेडिकलमध्ये काय गं?' त्यांचा हेतू काही वाईट नव्हता, पण मी काय उत्तर देणार? मग आम्ही मैत्रिणींनी सोय काढली : जिचं स्वतःचं खातं ती सगळ्यांचे पैसे भरणार, बाकीच्या तिला रोख देणार. म्हणजे बाबांना दिसायचं ते अर्धंच, आणि ते निर्धास्त. तुम्हाला खरंच वाटतं तुम्हाला सगळं दिसतं?

शिल्लक किती आहे ते आईवडिलांना कळू दे, दर व्यवहाराचा मेसेज नको. आणि माई, रोखीचं म्हणाल तर ऑनलाइन परीक्षेची फी रोखीत कशी भरायची?

सीवूड्सचा_बाबा
पॅडचं मान्य, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तीच मैत्रिणीची सोय वापरून कोणी गेमवर चार हजार घातले तर? तेही नको दिसायला?

वाशी_लोकल
दिसलं तरी चार हजार गेल्यावरच दिसणार ना काका.

निवृत्त_कॅशियर_कळवा
घोडबंदरकरांची कायद्याची माहिती बरोबर आहे. तरी सोळाच्या आत स्वतंत्र खातं देण्याच्या मी विरोधात आहे, आणि कारण गेमबिम नाही. फसवणुकीचा पैसा फिरवायला टोळ्यांना दुसऱ्यांची खाती लागतात. त्या पोरांना गाठतात. 'तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, तुला हजार ठेव.' पोराला वाटतं फुकटचे हजार. मग खातं गोठतं, पोलिसांची नोटीस घरी येते आणि बाप म्हणतो, माझा मुलगा तसा नाही. अकरावीत भरपूर हुशारी असते, पण हे कळत नाही. वडिलांच्या खात्यात असलं काही घडायची शक्यता कमी.

द्यायचंच असेल तर तीन गोष्टी बघा. नवीन कार्डावर ऑनलाइन आणि टॅप करून पैसे देणं बंदच असतं, ऑक्टोबर 2020 पासून तसा नियम आहे. ते उगाच चालू करू नका. टॅप केलं की 5,000 पर्यंत पिन लागत नाही, कार्ड हरवलं तर उचलणाऱ्याची चंगळ. पिन किंवा ओटीपी मुलानेच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. म्हणून 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर त्याच्या फोनमध्ये आजच घाला आणि फसल्यावर आधी तिथे, मग आईला, असं सांगून ठेवा. पोरं उलटं करतात, किंवा रागावतील म्हणून काहीच करत नाहीत.

घोडबंदरकर
काका, खातं भाड्याने देण्याचा मुद्दा मोठा आहे, पण ते अठराव्या वर्षीही घडतंच. फरक एवढाच की तेव्हा मुलगा वसतिगृहात असतो, पासबुक बघायला तुम्ही शेजारी नसता.

ऐरोली_सेक्टर
तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत 'द्यावं का' हा प्रश्न आहे. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या मुलीला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीसाठी आधार जोडलेलं खातं काढावंच लागलं. कार्ड आईच्या डब्यात, पिन मुलीला पाठ. पैसे काढायला दोघी मिळून जातात. कोणी धागा काढला नाही.

मानपाडा_४००६०७
प्रीपेड कार्डाबद्दल कोणीच बोललं नाही. मुलांसाठीची अ‍ॅप्स देतात ते.

निवृत्त_कॅशियर_कळवा
कमी कागदपत्रांवरचं असेल तर महिन्याला 10,000 पेक्षा जास्त भरता येत नाहीत, एटीएममधून काढता येत नाहीत, पडून असलेल्या पैशाला व्याज नाही. सहलीपुरतं ठीक.

मानपाडा_४००६०७
आणि मुलगा येत्या मेमध्ये अठराचा होणार असेल तर आत्ता खातं काढण्यात अर्थ आहे का?

निवृत्त_कॅशियर_कळवा
अठरा झाले की बँक त्याच्याकडून नव्याने सूचना आणि नमुना सही घेते. मे-जूनमध्येच प्रवेशाची फी भरायची असते, ऐनवेळी शाखेत खेटे घालावे लागतील. आता काढलंत तर वाढदिवस झाला की त्याच आठवड्यात त्याला शाखेत पाठवा. तुम्ही जाऊ नका, त्याला पाठवा.

घोडबंदरकर
बघा, काका माझ्याच बाजूला आले.

निवृत्त_कॅशियर_कळवा
अठराच्या मुलाबद्दल बोलतोय मी. पंधराच्या नाही.